दोन पाण्यांचे जांभळे बटाटे

पहिलं पाणी

दोनपाणीने बटाटा मधोमध कापला आणि सुरी खाली ठेवली.

आतही जांभळा! वरचा रंग धुतला की जाईल, नाही गेला तर सोलला की जाईल, अशी त्याची समजूत होती. पण हा सालीपासून गाभ्यापर्यंत जांभळाच. सुरीला शाई लागली, बोटांना लागली, फळीवर डाग पडला.

“कोणी आणली ही ब्याद?” त्याने विचारलं.

स्वयंपाकघरात बारा जण होते. बाराही जणांनी आपापल्या पातेल्यात डोकं घातलं. दोनपाणीचा आवाज चढला की पातेल्यात डोकं घालायचं, हा तिथला जुना नियम.

त्याचं खरं नाव हजेरीच्या वहीत असेल. बाकी सगळं इस्पितळ त्याला दोनपाणीच म्हणायचं. गेली एकोणीस वर्षं तो तळघरातल्या या स्वयंपाकघरात फक्त एका वॉर्डाचं जेवण करत होता: वॉर्ड चार, किडनीचा. बटाट्यात पोटॅशियम ठासून भरलेलं असतं. धडधाकट माणूस ते खातो आणि बाहेर टाकतो. वॉर्ड चारच्या माणसांना ते बाहेर टाकता येत नाही. ते रक्तात साठतं, साठत साठत एक दिवस हृदयाचा ठेका चुकवतं. म्हणून दोनपाणी बटाटा सोलायचा, बोटाच्या पेरापेक्षा लहान तुकडे करायचा, कोमट पाण्यात दोन तास भिजवायचा, मोठ्या पातेल्यात उकळायचा, पाणी फेकायचा, पुन्हा ताज्या पाण्यात उकळायचा, तेही पाणी फेकायचा. दोन पाणी. उरायचा तो बटाटा पांढराफटक, बिनचवीचा आणि निर्धोक.

“ओला पुठ्ठा,” असं त्याची धाकटी बहीण त्याला म्हणायची. रोज, न चुकता. चिमी. वय एकोणपन्नास, पण दादासाठी अजून चिमीच. ती दोन वर्षं डायलिसिसच्या मशीनवर होती. हाताला मशीनची सुई लावायच्या जागी पू झाला म्हणून तीन आठवड्यांपासून वॉर्ड चारमध्येच, खाट सहा.

तर हे बटाटे. चाळीस पोती, कुठल्याशा शेतमळ्याने भेट दिलेली. जांभळे, लाल, पिवळे. आणि भिंतीवर, हात धुवायच्या नळावर, दारावर, लिफ्टमध्ये एकच भलंमोठं पोस्टर. दोनपाणी नळाशी उभा राहून ते मोठ्याने वाचू लागला. प्रत्येक ओळीला त्याचं उत्तर तयार होतं.

जांभळा बटाटा: याचा रंग शरीरातल्या पेशींची झीज रोखायला मदत करतो.

“आधी माणूस राहू दे, मग झीज बघू.”

पिवळा बटाटा: डोळ्यांसाठी चांगला.

“लिहिणाऱ्याला पोतंभर द्या.”

लाल बटाटा: साल काढू नका, सालीत तंतू असतात, पोट साफ राहतं.

“माझी साल काढताय, तेवढी पुरे.”

पाण्यात उकळू नका, वाफवा. रंग पाण्यात उतरतो आणि पाण्याबरोबर गुणही वाहून जातात. बटाट्यातलं पोटॅशियम रक्तदाब काबूत ठेवतं.

ही ओळ त्याने दुसऱ्यांदा वाचली. खाली, लाल अक्षरांत: सर्व वॉर्डांसाठी. आजपासून.

“सर्व?” दोनपाणी म्हणाला.

त्याने तुकडे पाण्यात घातले आणि एप्रन न काढता जिना चढला. भिजायला दोन तास लागतात. तेवढ्यात एक भांडण आरामात उरकता येतं.

पाणी बदलताना

मॅनेजरच्या खोलीत आहारवाली आधीच उभी होती. आहारवाली म्हणजे इस्पितळाची नवी आहारतज्ज्ञ, सत्तावीस वर्षांची, चष्मा, हातात चार पानांचा कागद. कागदाची गुंडाळी ती टेबलावर आपटत होती, म्हणजे तीही भांडायलाच आली होती.

“या, दोनपाणी,” मॅनेजर म्हणाला. “तुम्हीच राहिला होतात.”

“पोस्टर उतरवा.”

“अहो, सोमवारी पाहुणे येणार आहेत. कॅमेरे येणार आहेत. बाहेर लोक रांगा लावून खातात हे बटाटे.”

“लावू देत. माझा वॉर्ड रांगेत नाही.”

“का? तुमच्या वॉर्डातली माणसं माणसं नाहीत? त्यांनी रंग बघायचाच नाही?”

“रंग बघायला डोळे उघडे लागतात, साहेब. हे असे वाफवलेले घाला त्यांना, मग बघा किती डोळे उघडे राहतात.”

“सर,” आहारवाली म्हणाली, “मी हेच सांगतेय. माझ्या कागदात शेवटची ओळ होती. वॉर्ड चार वगळून. ठळक लिहिली होती मी.”

“होती ना. पोस्टरवर बसत नव्हती.” मॅनेजरने खुर्ची मागे ढकलली. “खाली बटाट्याचं चित्र आलं. ओळ ठेवली असती तर बटाटा कापावा लागला असता.”

आहारवालीने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

“बटाटा कापावा लागला असता,” दोनपाणी सावकाश म्हणाला. “मी रोज शंभर कापतो. मला सांगायचं होतंत.”

शेवटी तोडगा निघाला, म्हणजे मॅनेजरने काढला. पोस्टर आहे तसं राहील. वॉर्ड चारचे बटाटे दोनपाणी आपल्या पद्धतीने करील, पण करील याच बटाट्यांचे. आठवडाभर साधा बटाटा आत येणार नाही. “फोटोत सगळीकडे सारखं दिसलं पाहिजे,” तो म्हणाला आणि फोन कानाला लावला.

व्हरांड्यात आहारवालीने दोनपाणीला गाठलं. “काका, ऐका जरा. ते बटाटे वाईट नाहीत. मी लिहिलंय त्यातलं काही खोटं नाही. बाकीच्या वॉर्डांना खरंच चांगले आहेत.”

“मी कुठे वाईट म्हणालो? विळा चांगला असतो. म्हणून तो पाळण्यात ठेवतात का?”

“तुमच्या डब्यावर चिठ्ठी लावा मग. पाणी काढलेले, फक्त वॉर्ड चार. मी छापून देते.”

“माझ्या डब्याला?” दोनपाणी थांबला. वर भांडून आलेला राग अजून हातात होता, तो या पोरीच्या अंगावर सांडला. “एकोणीस वर्षं, बाई. झाकण उघडलं की आंधळ्यालाही कळतं कुणाचा बटाटा आहे ते. माझ्या बटाट्याला गळ्यात पाटी लागत नाही.”

“पण काका, या वेळी ते पांढरे नसतील...”

तो जिना उतरत होता. पाणी बदलायची वेळ झाली होती.

दुसरं पाणी

पहिलं पाणी फेकलं तेव्हा मोरी शाईने भरल्यासारखी दिसली. दुसरं पाणी फिकट निघालं. पातेल्याच्या तळाशी जे उरलं ते ना जांभळं होतं, ना पांढरं. हजार वेळा धुतलेल्या उशीच्या अभ्र्यासारखा राखाडी रंग, कडांना कुठे निळसर छटा. दोनपाणीने एक तुकडा तोंडात टाकला. ओला पुठ्ठा. बरोबर झालाय. डबा भरला, झाकण लावलं, गाडीवर चढवला.

गाडीवर वॉर्ड तीनचा डबा शेजारीच. त्यात वाफवलेले, सालीसकट, रत्नासारखे चमकणारे.

तो शनिवार होता. दुपारी भांडी परत आली तेव्हा भांडी घासणारा हसत म्हणाला, “दोनपाणी, आज तुमच्या वॉर्डाची ताटं चाटूनपुसून आलीत. घासायला काही ठेवलंच नाही.”

“थट्टा करू नकोस.”

“आईशपथ! बघा की.”

त्याने पाहिलं. अकरा ताटं, सगळी स्वच्छ. एकोणीस वर्षांत वॉर्ड चारमधून अर्ध्याहून जास्त रिकामं झालेलं ताट त्याने पाहिलं नव्हतं. हात पुसले, वर गेला.

चिमी खाटेवर बसून खिडकीकडे बघत होती. आता पुठ्ठा येईल, म्हणून तो पायथ्याशी वाट बघत उभा राहिला. पुठ्ठा आला नाही.

“आज काही बोलली नाहीस?”

“चांगले होते,” चिमी म्हणाली. खिडकीकडेच बघत.

“काय म्हणालीस?”

“चांगले होते म्हटलं ना, दादा. आता पाटीवर लिहून देऊ?”

खाली येताना दोनपाणी चक्क शीळ घालत होता. स्वयंपाकघरात बारा जणांनी पातेल्यातून डोकी वर काढली. दुसऱ्या पाण्यात त्याने या वेळी दालचिनीचा तुकडा टाकला होता, त्याचाच हा गुण, असं त्याने मनाशी ठरवूनही टाकलं.

रविवारी पुन्हा ताटं स्वच्छ. चिमी म्हणाली, “पाय जड झालेत रे. वाळू भरल्यासारखे.”

“शुक्रवारनंतर मशीन नाही झालं. दोन दिवसांचा खंड. उद्या दुपारी लागलं की उतरेल.”

“हं.” मग थोड्या वेळाने, “दादा, उद्या पण तेच बटाटे आहेत ना?”

“आठवडाभर.”

तिने डोळे मिटले. तो खुशीत खाली आला. हे पुढे त्याला आठवायचं तेव्हा तो हातात असेल ती वस्तू आपटायचा.

बादली

सोमवारी दुपारी साडेबारानंतर तो मोठ्या डब्याचं जादा झाकण शोधत लिफ्टच्या मागे गेला. तिथे खरकट्याच्या बादल्या ठेवलेल्या असतात. एका बादलीत वरपर्यंत राखाडी तुकडे होते. बोटाच्या पेरापेक्षा लहान. चारी बाजू सारख्या.

स्वतःचं काप माणूस अंधारातही ओळखतो.

त्याने बादलीत हात घातला. अजून गरम होते. त्याला आधी वाटलं, कोणाचा तरी डबा सांडला असेल. मग शनिवारची ताटं आठवली, रविवारची आठवली, चाटूनपुसून स्वच्छ, आणि त्याच्या तळपायापासून जे वर चढलं ते डोक्यात थांबलं नाही.

लिफ्ट पाहुण्यांनी भरलेली होती. तो जिन्याने निघाला. वॉर्ड चौथ्या मजल्यावर. दुसऱ्या मजल्यावर गाडीवाली दिसली. डब्यांची गाडी वॉर्डावॉर्डांतून फिरवणारी, चाळिशीची, सगळ्यांशी गोड बोलणारी बाई.

“वॉर्ड चारला काय वाढलंस?”

“भाऊ, ओरडू नका ना. वॉर्ड तीनच्या डब्यात चिक्कार होतं, त्यातलंच...”

“काय वाढलंस?”

“तुमचे नासले होते हो! राखाडी पडले होते, निळे झाले होते.” ती रडवेली झाली. “तीन नंबरवाल्यांना असे झगझगीत आणि यांना ते पोतेऱ्यासारखे? आजारी माणसं ती. मला बघवेना. पोस्टरवर लिहिलंय की सगळ्यांना...”

“तीन दिवस?”

“तीन दिवस. तुम्हाला सांगितलं नाही. म्हटलं, तुमचा मान राहू दे.”

मान! दोनपाणीला तिला शिव्या द्यायच्या होत्या. तोंडापर्यंत आल्याही होत्या. पण शिवी उच्चारायच्या आत आहारवालीचा आवाज आठवला, चिठ्ठी लावा मग, आणि ती शिवी उलट फिरून त्याच्याच घशात बसली. तो उरलेले दोन मजले पळत चढला.

वॉर्ड चारमध्ये खाट सहाभोवती गर्दी. कॅमेरा. मॅनेजर कडेला हात बांधून उभा. मधे चिमी, केस विंचरलेले, मांडीवर ताट, ताटात जांभळा ढीग, हातात काटा, काट्यावर बटाटा.

“हसा बाई जरा,” कॅमेरावाला म्हणाला.

दोनपाणीने ताट उडवलं.

ते भिंतीवर आदळलं, मग जमिनीवर, मग बराच वेळ फिरत राहिलं. जांभळे तुकडे पाहुण्यांच्या बुटांपर्यंत गेले.

“दोनपाणी!” मॅनेजर ओरडला. “तुम्ही शुद्धीवर आहात का?”

“मी आहे. ही राहते का ते बघा.” तो सिस्टरकडे वळला. “सिस्टर, अकराही जणांचं रक्त काढा. आत्ताच्या आत्ता. तीन दिवस वाफवलेलं खाल्लंय यांनी.”

सिस्टरने एकही प्रश्न विचारला नाही. ट्रॉली ओढली. पाहुण्यांतला एक जण वाकून बुटावरचा बटाटा पुसत होता. त्याला ती म्हणाली, “बाहेर. सगळे बाहेर.”

चिमीच्या हातात काटा तसाच होता. काट्यावर तुकडा तसाच. दादाच्या डोळ्यांत बघत तिने तो तोंडात टाकला.

आकडा

चिमीच्या रक्तातलं पोटॅशियम सहा पूर्णांक नऊ दशांश. साडेपाचच्या आत हवं होतं.

डॉक्टरने हृदयाच्या पट्टीवरच्या लाटा दाखवल्या. एरवी टेकड्यांसारख्या असतात त्या, आता तंबूसारख्या टोकदार उभ्या होत्या. शिरेत इंजेक्शन गेलं, मग दुसरं. चार वाजता लागायचं मशीन दोनलाच लागलं. बाकीच्या दहांपैकी दोघांचे आकडे चढले होते. त्यांनाही लगोलग मशीनवर घेतलं. संध्याकाळपर्यंत तिघंही धोक्याबाहेर आली. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण दोनपाणीला ते पाच वाजेपर्यंत कोणी सांगितलं नाही.

तो चिमीच्या मशीनशेजारी स्टुलावर बसून होता. एप्रनवर जांभळे डाग. नळीतून तिचं रक्त जात होतं, येत होतं. लहानपणी भांडण झालं की दोघं अशीच जिन्याच्या दोन टोकांना बसायची, आधी कोण बोलतं याची वाट बघत.

तोच बोलला. “तुला कळलं नाही? माझे नाहीत ते?”

“पहिल्याच घासाला कळलं.”

“मग?”

“मग काय?”

“मग थुंकायचे, चिमे! सिस्टरला हाक मारायची! दोन वर्षं मशीनवर आहेस, तुला मी सांगायचं पोटॅशियम म्हणजे काय?”

“ओरडू नकोस. पलीकडचे झोपलेत.”

“चांगले होते म्हणालीस. माझ्या तोंडावर. मी मूर्खासारखा शीळ घालत खाली गेलो.”

“चांगलेच होते!” आता चिमी ओरडली आणि पलीकडचा खरोखरच जागा झाला. “काय खोटं बोलले? तुला माहितीये कसे लागतात? साल दाताखाली आधी ताणते, मग फुटते. आत नुसता भुगा नाही, लोणी. शेंगदाण्यासारखी मागून चव येते. दोन वर्षांत पहिल्यांदा मला वाटलं, मी काहीतरी जेवले. तू खाल्लास एक तरी?”

तो एप्रनवरचा डाग नखाने खरवडू लागला.

“खाल्लास का?”

“मला काय करायचंय खाऊन.”

“बघ. न खाता भांडतोस. जन्मभर हेच.” तिने मान उशीवर टाकली. “तू जगवतोस रे दादा. जगवतोस. पण तुझ्या हातचं खाताना रोज वाटतं, मी आजारी आहे. रोज, दुपारी साडेबाराला. तुझा डबा उघडला की.”

दोनपाणीने स्टूल पुढे ओढलं, पुन्हा मागे ढकललं. मशीन घरघरत राहिलं.

“मेली असतीस,” शेवटी तो म्हणाला.

“हो.”

“मग मी काय केलं असतं? पुठ्ठा कोणासाठी उकळला असता?”

चिमी हसली नाही. पण नळी नसलेला हात तिने स्टुलाकडे सरकवला आणि त्याच्या एप्रनच्या डागावर बोट घासलं. “हे निघणार नाही आता,” ती म्हणाली.

फेकलेलं पाणी

मंगळवारी सकाळी सहा वाजता दोनपाणीने नळावरचं पोस्टर उतरवलं. मग दारावरचं, लिफ्टमधलं, व्हरांड्यातलं. मॅनेजर यायला अजून तीन तास होते. पोस्टरं उलटी करून टेबलावर पसरली, सुरीने पट्ट्या कापल्या आणि पाठीवरच्या पांढऱ्या बाजूला जाड अक्षरांत लिहिलं: वॉर्ड चार. दोन पाणी काढलेले. रंग असाच असतो. बदलायचे नाहीत. हे एकोणसत्तर वेळा लिहिलं. गाडीवाली आली तेव्हा पहिली पट्टी त्याने तिच्या देखत डब्याला चिकटवली. ती काही बोलणार होती.

“तुझी चूक नाही,” तो खेकसला. “माझी आहे. जा आता.”

आहारवाली नऊ वाजता आली. तिने पट्ट्या पाहिल्या. तुम्हाला सांगितलं होतं, असं ती म्हणाली नाही, त्यामुळे तिच्यावर चिडायचीही सोय राहिली नाही.

“खाट सहाच्या बाईंना द्यायचा का एक बटाटा?” तिने विचारलं. “सालीसकट.”

“डोकं ठिकाणावर आहे का तुमचं?”

“मशीन सुरू झाल्यावर पहिल्या तासात. थोडासा. पोटॅशियम मशीनच काढून घेतं. डॉक्टरांना विचारलं मी, कालचा आकडा खाली आला तर चालेल म्हणाले. चाळीस ग्रॅम, एक ग्रॅम जास्त नाही. तुम्ही वजन कराल म्हणून सांगितलंय मी त्यांना.”

“मला न विचारता?”

“तुम्हाला विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असता, काका.”

बुधवारी आकडा खाली होता. दोनपाणीने पोत्यातला सर्वांत लहान जांभळा बटाटा शोधला. बावन्न ग्रॅम भरला. दुसरा घेतला. सत्तेचाळीस. पोतं उलटं केलं, जमिनीवर बसला, एकेक तराजूत ठेवत गेला, पुटपुटत, बारा जण पातेल्यात डोकी घालून उभे असताना. एकोणचाळीस ग्रॅमचा सापडला तेव्हा त्याने तो विजयाने वर धरला नाही. नुसता धुतला. सालीसकट वाफेवर ठेवला. त्याच्या शेजारी, उरलेल्यांतून, न मोजता एक आणखी ठेवला.

तो दुसरा त्याने उभ्यानेच खाल्ला. साल आधी ताणली, मग फुटली.

“च्यायला,” दोनपाणी म्हणाला आणि ओट्यावर मूठ आपटली. एकोणीस वर्षं तो पाण्याबरोबर काय मोरीत घालवत होता, हे त्याला आता तोंडात कळत होतं आणि उद्याही तेच घालवावं लागणार होतं.

वर चिमीने झाकण उघडलं. वारशाने मिळालेल्या दागिन्याकडे बघावं तशी बटाट्याकडे बघत राहिली. मग भावाकडे.

“एवढासाच?”

“एकोणचाळीस ग्रॅम.”

“चाळीस म्हणाले होते.”

“खा गुमान.”

तिने बटाट्याचे सहा तुकडे केले. पहिला तोंडात टाकला आणि डोळे मिटून चावत राहिली, एवढा वेळ, की दोनपाणीला घड्याळाकडे बघावं लागलं. पहिल्या तासातली वीस मिनिटं संपली होती.

“लवकर खा ना!” तो म्हणाला.

“तू मध्ये बोलू नकोस,” चिमी म्हणाली आणि दुसरा तुकडा उचलला.